एक बाजू उघडी

वर्षातून दोन दिवस निर्मलमध्ये उभ्या वस्तूला सावली राहत नाही. गाव एकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी सव्वाबाराच्या सुमारास नेमका माथ्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्याच बुडाखाली जाते. जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. मेमधला टळत नाही. पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असतो, फरशीवर अनवाणी पाऊल टाकवत नाही, आणि घराच्या मालकीची सगळ्यांत मोकळी जागा, म्हणजे अंगण, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कुणाच्याच कामाची राहत नाही. अंगणावर काहीतरी घालावं हा विचार इथं दर वैशाखात घरोघरी नव्यानं सुचतो.

निर्मल हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, ११ ऑक्टोबर २०१६पासून स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण झालेलं गाव. नागपूर-हैदराबाद महामार्ग त्याच्या कडेनं जातो. १९५६मध्ये हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली तेव्हा याच जिल्ह्यातला किनवट तालुका मराठी मुलखाकडे गेला आणि निर्मल तेलुगूकडे राहिलं. वाटणी नकाशावर झाली. सोयरिकी, बाजार आणि घरातली बोली तिथल्या तिथंच राहिली. मुधोळ-भैंशाकडे मराठी आजही बाजारात ऐकू येते. अशा मुलखातल्या एका मराठी घरापुढे दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब मांडव उभा करायचा, तोही ठेकेदाराच्या हाती न सोपवता, शक्य तेवढा स्वतः, एवढाच हा विषय. पण छप्पर कसं घालायचं याचा विचार करता करता छपराखाली कोण बसणार, या प्रश्नाशी येऊन ठेपायला होतं. दोन्ही प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येतात असं मला आता वाटत नाही.

सुरुवात उन्हापासून करावी लागते. घराचं तोंड दक्षिणेला, समोर रस्ता, पश्चिमेला शेजारी. आठ फूट उंचीवर आडवं छप्पर घातलं की दुपारचा प्रश्न सुटतो, कारण तेव्हा सूर्य वरच असतो. पण दुपारी अंगणात बसायला येतंच कोण? माणसं येतात चारनंतर. मेमध्ये चार वाजता सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण सदतीस अंशांवर असतो, आणि आठ फुटांवरच्या कडेखालून ऊन जवळजवळ अकरा फूट आत येतं. पाच वाजता सूर्य तेवीस अंशांवर उतरतो तेव्हा तेच ऊन एकोणीस फूट आत जाईल, आणि छप्पर तर बाराच फूट लांब आहे. म्हणजे नेमक्या बसायच्या वेळी छपराखाली सगळीकडे ऊन आणि छपराची सावली पूर्वेला दुसरीकडेच कुठंतरी पडलेली. या गावात छपरापेक्षा पश्चिमेचा आडोसा महत्त्वाचा आहे हे कागदावर दोन रेघा ओढल्या की कळतं. ज्यांनी कधी कागद घेतला नाही त्यांनाही ते कळलेलं होतं. जुन्या घरांच्या मावळतीला तट्ट्या लटकत, त्यांवर पाणी मारलेलं असे.

हिवाळ्याचा हिशेब याच्या उलट निघतो. आदिलाबादची थंडी सगळ्या तेलंगणात नावाजलेली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास असतो. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली, तर आठ फुटी कडेखालून सात फूट ऊन आपसूक आत येतं, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांपर्यंत. तीच बाजू भिंतीनं किंवा पत्र्यानं बंद केली की उन्हाळ्यात फारसं काही हाती लागत नाही आणि थंडीतलं ऊन मात्र जातं. म्हणजे वर छप्पर, पश्चिमेला आडोसा, दक्षिण उघडी. दक्षिणमुखी घराला नाक मुरडणाऱ्यांनी निदान या अक्षांशावर सूर्याचं म्हणणं एकदा ऐकून घ्यायला हरकत नाही.

घरात मात्र पहिला प्रश्न वेगळाच निघाला: वाळवण कुठं घालायचं? चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाची मिरची आणि हळद यांना कडक ऊन लागतं. ज्या उन्हाला आपण शत्रू समजून छप्पर घालायला निघतो, त्याच उन्हावर घराचं वर्षभराचं तोंडीलावणं अवलंबून असतं. मांडवाची जाहिरात करणारे ही गोष्ट कधी सांगत नाहीत, कारण जाहिरातीतल्या अंगणात माणसं फक्त चहा पीत बसलेली असतात. अंगण ही काम करायची जागा आहे, आणि त्यातलं बरंच काम उन्हानंच करायचं असतं. तेव्हा पूर्वेकडचा पट्टा उघडाच ठेवायचा असं ठरलं. छपराचं माप अंगणाच्या मापावरून न ठरता वाळवणाच्या मापावरून ठरलं, याचं मला आजही बरं वाटतं.

मग प्रश्न येतो, घालायचं काय. या मुलखात सावलीची सामग्री जंगलातून येई: सागाच्या किंवा बांबूच्या मेढी, वर बांबूचा ताटवा, त्यावर शिंदीच्या झावळ्या किंवा पळसाच्या फांद्या. पानांचं छप्पर पाऊस अडवत नाही, फार टिकतही नाही. पण त्याला एक गोष्ट साधते ती पत्र्याला साधत नाही. पानांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि छप्पर स्वतः तापून खालच्या माणसाच्या डोक्यावर उष्णता ओकत नाही. पत्रा पावसाला चोख, पण भर उन्हात तो स्वतःच तापतो आणि मग खाली सावली असूनही तलखी जाणवते. पन्नास, पंचाहत्तर, नव्वद टक्के अशा मापानं मिळणारी हिरवी जाळी या दोहोंच्या मधली. ती ऊन गाळते, वारा सोडते, पाऊस मात्र तुषार करून खाली पाडते. शेवटी पत्राच घालायचा झाला, तर वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली चार बोटं अंतर सोडून बांबूचा तट्टा बांधावा. त्या चार बोटांच्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी हवीत, म्हणजे तापलेली हवा आत कोंडून न राहता वाहून जाईल. पांढऱ्या छपराचं शहाणपण आता सरकारी कागदावरही आलं आहे; तेलंगणानं २०२३मध्ये पाच वर्षांचं थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं.

पन्हळी पत्रा आपल्याकडे इतका रुळला की तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. लंडनच्या गोदीतला अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर यानं १८२९मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सपाट पातळ लोखंड वाकतं, पण त्यालाच पन्हळी पाडल्या की ते ताठ उभं राहतं, ही त्यातली सगळी कल्पना. पुढच्या शंभर वर्षांत या एका कल्पनेनं जगातलं अर्धं गवत छपरावरून उतरवलं, असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. आणि लोखंड तर निर्मलला मुळीच परकं नाही. आईन-इ-अकबरीत इंदूर, म्हणजे आजचं निजामाबाद, आणि निर्मल इथल्या पोलादाचा उल्लेख आहे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वैद्य आणि भूवैज्ञानिक म्हणून काम केलेल्या हेन्री व्हॉयसी यानं गोदावरीपलीकडच्या कोनसमुद्रम इथल्या पोलादाच्या भट्ट्यांचं वर्णन लिहून ठेवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८३२मध्ये छापलं गेलं. तिथलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत, दमास्कसच्या नावानं गाजलेल्या तलवारींसाठी. निर्मलजवळच्या दिमदुर्तीचं चुंबकी लोहखनिज या व्यवसायात नावाजलेलं होतं. त्याच निर्मलमध्ये आज महामार्गालगतच्या दुकानात मी चौकोनी पाईप किलोवर घेतो आणि तो कुठल्या खाणीतून, कुठल्या भट्टीतून आला हे दुकानदारालाही सांगता येत नाही. हातानं काही बांधायला घेतलं की हे तुटलेपण ठळक होतं. तयार वस्तू घेताना ते जाणवतही नाही.

लाकडाची गोष्ट अजून थोडी जवळची आहे. निर्मलच्या रानात साग आहे आणि पोनिकीही आहे. साग जड, तेलकट, वाळवीला दाद न देणारा. त्याच्या मेढीवर घर उभं राहतं. पोनिकी इतकी मऊ आणि हलकी, की तिच्यावर कुणी मांडव टाकणार नाही. पण निर्मलचं नाव देशभर गेलं ते पोनिकीमुळे. नक्काश कारागीर तिचे तुकडे कोरतात, चिंचोक्यांच्या खळीत भुसा कालवून सांधे भरतात, वर रंग चढवतात आणि त्यातून पक्षी, प्राणी, फळं तयार होतात. एकाच रानातली दोन झाडं: एकानं भार घ्यायचा, दुसऱ्यानं मन रमवायचं. मांडवासाठी सागाच्या जुन्या मेढी मिळाल्या तर घ्याव्यात, असा विचार होता. भाव ऐकल्यावर पाईपावर यावं लागलं. पाईपाला वाळवी लागत नाही, गंज लागतो. रंगाचा हात देताना बुडाचा वीतभर भाग तपासायचा असतो, कारण खांब सडायला सुरुवात होते ती जमीन आणि हवा जिथं भेटतात तिथं.

वेल्डरनं पाहणी करून एकच वाक्य सांगितलं, इथल्या दखनीत: "साब, पत्रा वजनसे नै गिरता, हवासे उडता." या एका वाक्यात छपराचं अर्धं शास्त्र आहे. बारा बाय दहा फुटांचं पातळ पत्र्याचं छप्पर पन्नास किलोच्या आसपास भरतं. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सत्तेचाळीस किलोच्या घरात जातो. सगळ्या छपराखाली तो लागला तर सव्वापाचशे किलोची उचल होते, म्हणजे छपराच्या वजनाच्या दहापट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून हलक्या मांडवाचं खरं वजन जमिनीखाली ठेवावं लागतं. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यात भरलेलं काँक्रीट तीनशे किलो भरतं. असे चार खड्डे म्हणजे बाराशे किलो. त्यातही इथली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि उथळ पायाला वर-खाली हलवत राहते. तेव्हा खड्डा भेगांचा थर ओलांडून खाली जायला हवा, मग तो दोनऐवजी तीन फूट का होईना. पत्र्याला भोक पाडायचं ते पन्हळीच्या माथ्यावर, खळग्यात नाही. पाणी खळग्यातून वाहतं. या गोष्टी शिकवायला कुणी लागत नाही असं वाटतं, पण गावातल्या निम्म्या गळक्या पत्र्यांची भोकं खळग्यातच असतात.

वाऱ्याचं आणखी एक सांगणं आहे. चारही बाजूंनी उघड्या छपराखालून वारा निघून जातो. एका बाजूला अडला की तो वर रेटतो आणि छत्री उलटावी तसं छप्पर उलटू पाहतं. घरापुढच्या मांडवाची उत्तर बाजू भिंतीनं बंदच असते. पश्चिमेला तट्टी. त्यात दक्षिणही कुणी बंद केली, तर वळिवाच्या पहिल्याच झोडप्यात मांडव परीक्षेला बसतो. वळीव येतो तोही दुपार उलटल्यावरच, तट्टीची सगळ्यांत जास्त गरज असते त्या वेळी. म्हणून तट्टी कायमची ठोकायची नाही; दोरीनं गुंडाळून वर घेता आली पाहिजे, आभाळ भरून आलं की दोन मिनिटांत.

उरतं पाणी. या भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर; या हिशेबानं एवढ्याशा मांडवावरून वर्षाला अकरा हजार लिटर पाणी उतरतं. आधी ते सगळ्या अंगणावर पसरून पडत होतं, आता एका धारेनं एका जागी पडणार. ती जागा शेजाऱ्याच्या भिंतीपाशी असेल तर भांडण ठरलेलं. हे भांडण इतकं जुनं आहे की कौटिल्यानं अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांच्या नियमांमध्ये शेजारच्या छपरांचाही विचार केला: दोन छपरांत चार अंगुळांचं अंतर असावं, नाहीतर एकानं दुसऱ्यावर यावं. राज्य चालवायचा ग्रंथ वळचणीच्या चार बोटांपर्यंत खाली उतरतो, ही मला त्याची थोरवी वाटते. आमच्या छपराचा उतार रस्त्याच्या बाजूला काढला, पन्हळ लावून पाणी पूर्वेच्या पिंपात आणि तिथून शोषखड्ड्यात सोडलं. खालची फरशी तांदूरची, घराकडून बाहेर दर चार फुटांना इंचभर उतार देऊन, आणि सांधे सिमेंटनं लिंपून न टाकता वाळूनं भरलेले. सांध्यांतून गवत येतं, मुंग्या येतात, पाणीही जमिनीत जातं. काँक्रीटची अखंड लादी याहून स्वच्छ दिसली असती हे खरं आहे. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी सडा टाकल्यावर गारवा येतो तो पाणी मुरायला थोडी माती उरलेली असली तर.

ऊन, उष्मा, वारा, पाणी या चौघांनी आपापल्या परीनं एकच गोष्ट मागितली: कुठंतरी उघडं ठेवा. आणि इथं मांडव घालणाऱ्याच्या मनातली दुसरी ओढ जागी होते. ती बंद करू पाहते. ज्यांच्या दारी असा मांडव एकदा उभा राहिला त्यांचा पुढचा प्रवास गावोगाव सारखाच दिसतो. पहिल्या वर्षी छप्पर. दुसऱ्या वर्षी डास आणि कुत्री येतात म्हणून जाळी. मग धूळ येते म्हणून काच, मग दुचाकी ठेवायची म्हणून लोखंडी दार, आणि कुलूप. चार-पाच वर्षांत अंगणाची खोली होते आणि घरातली माणसं पुन्हा म्हणू लागतात, बाहेर बसायला जागा नाही. घराच्या भोवती सोडलेली मोकळी जागा आकाशाला उघडी असावी हा नगरपालिकेचा नियम. तो बहुतेकांना जाच वाटतो. मला त्यात एक शहाणपण दिसतं. नियम नसता तर आपण आपलं अंगण स्वतःच्याच हातानं कधीच गिळून टाकलं असतं.

जुन्या लग्नाच्या मांडवाला हा धोका नव्हता. मुहूर्तमेढ रोवली जायची तेव्हाच तो उतरणार हे ठरलेलं असे. देवक उठलं, मांडव परतला की मेढी निघाल्या. बांबू ज्याचे त्याला परत, पानं गोठ्यात. चार दिवसांसाठी घर रस्त्यापर्यंत वाढे आणि पुन्हा आपल्या जागी जाई. आपण आज घालतो तो मांडव तात्पुरत्या वस्तूचा आकार आणि कायमच्या वस्तूचा पाया घेऊन येतो. त्यामुळे उतरवण्याचं काम आता प्रथेवर सोडता येत नाही. ते बांधणाऱ्याला आधीच विचार करून सांध्यांत ठेवावं लागतं. शक्य तिथं वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट घालायचे, तट्टी गुंडाळता येईल अशी करायची, दक्षिणेला खांबांमध्ये काही अडकवता येईल अशी आडवी पट्टीच ठेवायची नाही. बंद करणं अवघड करून ठेवायचं, एवढंच हातात असतं.

पण अंगणाच्या आठवणीत रमताना एका गोष्टीकडे डोळेझाक होते. जुन्या घराच्या उघड्या बाजू सगळ्यांना सारख्या उघड्या नव्हत्या. ओसरीवर कुणी चढायचं, अंगणात कुणी थांबायचं, आणि अंगणाच्याही बाहेर उभं राहून कुणी हाक मारायची, हे जातीनं ठरलेलं असे. पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात द्यायचा आणि कुणाच्या ओंजळीत वरून धार धरायची, हेही ठरलेलं. घरातल्या घरातही सावलीची वाटणी होती: पुढची थंड ओसरी पुरुषांच्या दुपारच्या झोपेसाठी, आणि मागं चुलीची धग बायकांसाठी. मराठी लेखनात ओसरी-पडवीबद्दल जे हळवं लिहिलं जातं ते बहुतेक ओसरीवर बसलेल्यांनी लिहिलेलं आहे. अंगणाबाहेर उभं राहिलेल्यांच्या लेखनात ती ओसरी वेगळीच दिसते. म्हणून अंगणावर नवा मांडव घालताना जुन्या अंगणाची नक्कल करणं पुरेसं नाही. सावली कुणाची, हा प्रश्न तिच्याबरोबरच उभा राहतो.

निर्मलमध्ये तर तो विसरताच येत नाही. रामजी गोंडानं गोंड, रोहिले आणि दखनी यांना जमवून इंग्रज-निजामाशी झुंज दिली. तो पकडला गेला आणि १८६०मध्ये त्याला त्याच्या साथीदारांसह निर्मलच्या एका वडावर फाशी दिली गेली. त्या वडाला लोक तेलुगूत आजही हजार फासांचा वड म्हणतात. वडासारखं झाड कुणी लावो, त्याची सावली वाटसरूची असते अशी आपली समजूत; सत्तेनं तीच सावली फासासाठी वापरली. गावाच्या आठवणीत सगळ्यांत मोठं झाड हे असं आहे. सावली आपोआप दयाळू नसते. तिला दयाळू ठेवावं लागतं, आणि ते काम तिच्या मालकाचं असतं.

ते कसं, याची उदाहरणं मात्र याच मातीत आहेत. उन्हाळा लागला की तेलंगणात रस्तोरस्ती चलिवेंद्रम उभी राहतात: चार बांबू, वर झावळ्या किंवा जाळी, खाली माठ. मराठी पाणपोईची ही सख्खी बहीण. गोदाकाठची ही रीत किती जुनी असावी? सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या संग्रहात, पाणपोईवरची तरुणी आणि तहानलेला वाटसरू यांची गाथा आहे: तो बोटं फाकवून पाणी गळू देतो, ती धार बारीक करत जाते, दोघांनाही तो क्षण लांबवायचा आहे. पैठणपासून खाली कोटिलिंगालापर्यंत सातवाहनांच्या खुणा याच नदीच्या काठानं पसरल्या आहेत. निर्मल त्या वाटेवरच येतं. त्या गाथेत मला प्रेमाइतकीच दुसरी एक गोष्ट दिसते. तिथं वाटसरू कोण, कुठला, याची चौकशी नाही. छपराखाली उभं राहायला तहान एवढी एकच पात्रता पुरते.

गोंडांच्या पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी आणि नाचणाऱ्यांचा मेळा एका गावाहून दुसऱ्या गावाला पाहुणा जातो, आणि यजमान गाव त्यांना उतरवून घेतं, जेवू घालतं. अख्ख्या गावाला पाहुणं म्हणून घ्यायचं तर अंगणं मोकळी लागतात. त्याआधी नवरात्रात बतुकम्मा येते: तंगेडूची, गुनुगूची, झेंडूची फुलं थरांवर थर रचून मध्ये ठेवायची आणि बायकांनी टाळ्या वाजवत भोवती फेर धरायचा. मराठी घरातल्या भोंडल्याचे दिवसही तेच, आणि फेरही तसाच. फेराला मध्ये खांब चालत नाही. आमच्या मांडवाचे चारही खांब कडेला गेले ते या कारणानं. मध्ये एक खांब दिला असता तर वरची तुळई बारीक चालली असती, पैसेही वाचले असते. दूर स्पेनमधल्या कोर्दोबात तर खासगी अंगणांचा उत्सवच होतो. दर मेमध्ये लोक फुलांनी मढवलेली आपली घरातली अंगणं अनोळखी लोकांना खुली करतात. २०१२मध्ये युनेस्कोनं त्या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. उन्हाळ्यात त्या भागातल्या अंगणांवर कापडी छतं ताणतात, आणि ती दोरीनं ओढून बाजूला घेता येतात. उन्हानं पोळणारे दोन प्रदेश, हजारो मैलांवर, गुंडाळता येणाऱ्या सावलीपाशी येऊन पोचले, यात नवल नाही. नवल याचं, की एका शहरानं त्या सावलीत परक्या माणसाला बोलावण्याची रीत टिकवली.

स्वतःच्या हातानं बांधण्याचं कौतुक हल्ली पैसे वाचवण्यासाठी किंवा छंद म्हणून होतं. मला त्याचा उपयोग वेगळा वाटतो. ठेकेदाराला आपण काय हवं ते सांगतो आणि तो ते पुरं करून देतो. थांबण्याची सूचना त्याच्याकडून येत नाही, कारण जास्त पत्रा म्हणजे त्याचं जास्त बिल. स्वतः खड्डा खणणाऱ्याला मात्र प्रत्येक वाढीव फूट पाठीत जाणवतो. वारा, ऊन, पाणी यांच्याशी त्याला एकेक करून बोलावं लागतं, आणि त्या बोलण्यातून जे लागतं ते आणि जे नुसतं मिळवावंसं वाटतं ते, यांच्यातला फरक हळूहळू दिसू लागतो.

शेवटचं काम उरलं ते कुंपणाचं. मांडवाची दक्षिणेची कड कुंपणाच्या भिंतीपर्यंत येत होती, आणि त्या भिंतीपलीकडे रस्त्यावर भाजी विकणारी, बसची वाट पाहणारी, शाळेतून येणारी माणसं उन्हात उभी. छपराची कड रस्त्यावर तीन फूट पुढं काढावी, असं कुणीतरी सुचवलं. सावली बाहेर जाईल आणि पुण्यही लागेल. पण रस्ता आपला नाही, आणि दुसऱ्याच्या जागेवर केलेल्या दानात आपलं काही जात नाही. त्याऐवजी भिंत पाडून तीन फूट आत बांधली, सुटलेल्या पट्ट्यात दगडी बाक घातलं, शेजारी माठ ठेवला. छप्पर होतं तिथंच राहिलं. त्याच्याखालची तीन फूट सावली फक्त कुंपणाबाहेर गेली. बाकावर कोण बसतं याची आम्ही नोंद ठेवत नाही. बाहेर सरकायला नियमाची मनाई आहे; आत सरकायला कुणाची परवानगी लागत नाही.